पेट्रोल पॉवर वीडर: हंगामातली निगा आणि हंगामानंतरची साठवण

पेट्रोलवरचा पॉवर वीडर, म्हणजे फिरत्या पात्यांनी तण काढणारं मशीन, गॅरेजला येतो तेव्हा बिघाड बहुतेक वेळा वावरात झालेला नसतो. मशीन चार-सहा महिने छपराखाली उभं असतं, टाकीत अर्धा लिटर पेट्रोल तसंच राहिलेलं असतं, पात्यांना चिखल चिकटलेला असतो आणि ऐन कोळपणीला दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो. तण काही मेकॅनिकची वाट बघत थांबत नाही. महाडीबीटीवर अर्ज करून, अनुदानाची वाट बघून घेतलेलं मशीन असं पहिल्या दोन वर्षांतच मागे पडलेलं पाहिलं की फार वाईट वाटतं, कारण हे सगळं टाळता येतं. हंगाम संपल्यावरचा एक निवांत अर्धा दिवस त्याला पुरतो.

आधी आपलं मशीन ओळखा

आपल्याकडे दोन तऱ्हेचे पेट्रोल वीडर चालतात. सात एचपीच्या नावानं विकला जाणारा, १९६ ते २१२ सीसीच्या आसपासचा मोठा वीडर फोर स्ट्रोक असतो. त्याच्या टाकीत नुसतं पेट्रोल जातं आणि इंजिन ऑइल वेगळं भरावं लागतं. दुसरा ५२ किंवा ६३ सीसीचा हलका वीडर बहुतेक वेळा टू स्ट्रोक असतो. त्यात पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळायचं असतं. मिसळण्याचं प्रमाण कंपनीप्रमाणे बदलतं, ते टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत दिलेलं असतं. तेच पाळा, शेजाऱ्याच्या मशीनचं प्रमाण आपल्याला लावू नका. टू स्ट्रोकमध्ये चुकून साधं पेट्रोल गेलं तर पिस्टन जाम होतो आणि तो खर्च कधीकधी नव्या इंजिनाच्या जवळ जातो.

पुढचे आकडे होंडाच्या जीएक्स २०० या इंजिनाचे आहेत. बाजारातली कितीतरी इंजिनं त्याच बांधणीची असल्यानं अंदाजाला ते उपयोगी पडतात. तुमच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा माना.

तास कसे मोजायचे

देखभालीचं वेळापत्रक तासांवर असतं आणि वीडरला तास दाखवणारं मीटर नसतं. त्यावर सोपा उपाय म्हणजे टाक्या मोजायच्या. या इंजिनाची टाकी ३.१ लिटरची आहे आणि पूर्ण भारावर ती दोन तासांच्या आतबाहेर संपते. म्हणजे ५० टाक्या झाल्या की १०० तास होत आले. छपराच्या खांबावर खडूनं किंवा हँडलला बांधलेल्या वहीत दर टाकीला एक रेघ ओढा. मशीन भाड्यानं किंवा भावकीत देत असाल तर ही रेघ आणखी गरजेची, कारण दुसऱ्याकडे चाललेले तास आपल्या हिशेबात येतच नाहीत.

इंजिन ऑइल

नव्या मशीनचं पहिलं ऑइल २० तासांनी किंवा महिन्याभरात बदला. नवे भाग एकमेकांवर घासून बसतात, त्यांचा बारीक धातूचा कीस त्या पहिल्या ऑइलमध्ये उतरतो. 'नवीनच तर आहे' म्हणून लोक हेच ऑइल वर्षभर चालवतात आणि कीस आतल्या आत फिरत राहतो. पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा बदलायचं. सहा महिने लक्षात ठेवायला आपलं पंचांग कामाला येतं: एकदा गुढीपाडव्याला, एकदा खंडेनवमीला. खंडेनवमीला अवजारं धुऊन हळदकुंकू वाहतोच, त्याच दिवशी ऑइलही बदलावं.

जीएक्स २०० ला ०.६ लिटर ऑइल लागतं, म्हणजे लिटरच्या डब्यातलं निम्म्याहून थोडं जास्त. पुस्तिका १०डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल सांगते. सगळाच्या सगळा लिटर ओतायचा मोह होतो, पण ऑइल जास्त झालं की ते एअर फिल्टरकडे आणि सिलिंडरमध्ये चढतं, सायलेन्सरमधून धूर येतो आणि प्लग काळा पडतो. बदलताना इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करा, बंद करा, खालचा बोल्ट काढा आणि काळं ऑइल पूर्ण निथळू द्या. नवं भरताना मशीन सपाट जमिनीवर समतल ठेवा. वीडरचं हँडल जमिनीला टेकलं की इंजिन मागे झुकतं आणि पातळी चुकीची दिसते. ऑइलची काठी पुसून नुसती आत टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत, मग बाहेर काढून बघायची.

काढलेलं जुनं ऑइल विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या. लाकडी वाशांना वाळवी लागू नये म्हणून ते फासायची जुनी रीत आहे, पण गुरं चाटतील अशा गोठ्याच्या खांबांना तरी ते लावू नये.

एअर फिल्टर: सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं

वीडर स्वतःच उडवलेल्या धुळीत चालतो. मोटारसायकल तासाभरात जेवढी धूळ खाते त्याच्या कितीतरी पट धूळ वीडर उन्हाळ्याच्या कोरड्या मातीत पाच-सहा काकऱ्यांत खातो. ती इंजिनात गेली की पिस्टनच्या रिंगा झिजतात, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं, आणि मग दोरी हलकी लागते पण मशीन काही सुरू होत नाही. पुस्तिकेत फिल्टर साफ करायला ५० तास लिहिलेले असतात, ते स्वच्छ जागेसाठी. आपल्या धुळीत रोज संध्याकाळी झाकण उघडून बघावं, हे माझं ठाम मत आहे.

फिल्टर स्पंजचा असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात चुरून धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, मग थोड्या स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये बुडवून घट्ट दाबून जास्तीचं तेल काढा. दाबताना पीळ देऊ नका, स्पंज फाटतो. हा तेलकट ओलावाच धूळ धरतो, कोरडा स्पंज धूळ आत सोडून देतो. आत कागदी फिल्टर असेल तर त्याला तेल, पाणी, पेट्रोल काहीच लावायचं नाही. हलक्या हातानं आपटायचा किंवा आतून बाहेर कमी दाबाची हवा मारायची, आणि काळपट राहिला तर नवा टाकायचा. बऱ्याच वीडरना खाली तेलाची वाटी असलेला फिल्टर येतो. त्या वाटीत खुणेपर्यंतच तेल भरा आणि गाळ साचला की बदला. असं मशीन आडवं पाडलं तर वाटीतलं तेल सरळ कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, जातं. म्हणून वीडर कधीही तिरका करायचा झाला तर एअर फिल्टरची बाजू वर राहील असा करा.

पाती, शाफ्ट आणि गिअरबॉक्स

पात्यांना हात लावण्याआधी स्पार्क प्लगची टोपी ओढून काढा. इंजिन बंद असलं तरी पाती हातानं फिरवताना इंजिनाला झटका बसून ते क्षणभर पेटू शकतं, आणि बोटांना तेवढा क्षण पुरतो. घरात दुसरं कुणी मशीन वापरत असेल तर ही एक सवय त्यांना आग्रहानं लावा.

रोज काम संपल्यावर शाफ्टवर गुंडाळलेलं गवत काढा. हराळी, लव्हाळ्याच्या मुळ्या, सुतळी, मल्चिंग पेपरच्या पट्ट्या आणि सगळ्यात वाईट म्हणजे ठिबकची तुटलेली नळी. हे सगळं फिरत फिरत आत सरकतं, गिअरबॉक्सच्या ऑइल सीलवर जाऊन घट्ट बसतं आणि रबरी सील कापत राहतं. बाहेरून काहीच दिसत नाही. मग एक दिवस शाफ्टच्या मुळाशी तेलकट ओली माती दिसते. ती दिसली की सील गेलं असं समजा. त्यानंतर गिअरबॉक्समधलं तेल बाहेर आणि चिखल आत, असा उलटा व्यवहार सुरू होतो. दोन्ही बाजूंची पाती उतरवा आणि साधा विळा किंवा जुनी सुरी घेऊन अगदी मुळापर्यंत साफ करा. पाती उतरवून अशी सफाई ओल्या मातीत काम करताना रोज, एरवी दोन-तीन दिवसांनी.

पाती परत लावताना धारेची बाजू फिरण्याच्या दिशेला हवी. डावा आणि उजवा संच वेगळा असतो. उतरवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, डोकं चालवावं लागत नाही. एखादं पातं मोडलं तर समोरच्या बाजूचं जोडीचं पातंही बदला, नाहीतर मशीन थरथरतं आणि हाताला मुंग्या येतात. बोल्ट हंगामात दर आठवड्याला आवळा.

गिअरबॉक्समध्ये साधारण ९० नंबरचं गिअर ऑइल असतं. पातळी बघायच्या बोल्टपाशी बोट लावून बघा. तेल दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय, लगेच बदला आणि पाणी कुठून शिरलं ते शोधा. पाणी शिरतं ते बहुधा धुण्याच्या वेळी. मोटारच्या पाइपचा जोराचा फवारा इंजिन, सायलेन्सर, फिल्टर आणि सीलवर मारू नये, आणि गरम इंजिनावर तर थंड पाणी अजिबात नको. पाती आणि मडगार्ड पाण्यानं धुवा, इंजिन ब्रशनं आणि फडक्यानं पुसा. सिलिंडरच्या पंखांमध्ये भुसा किंवा गवताचा चुरा अडकला तर इंजिन तापतं, तो काडीनं उकरून काढा.

प्लग १०० तासांनी काढून बघा. फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर हवी. ३०० तासांनी किंवा वर्षानं नवा टाकलेला बरा, त्याची किंमत फार नसते. व्हॉल्व्हची फट तपासणं ३०० तासांनी येतं. थंड इंजिनावर इनटेकची ०.१५ आणि एक्झॉस्टची ०.२० मिलिमीटर. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि हाताला सवय नसेल तर हे काम मेकॅनिककडे द्या.

पेट्रोल खराब होतं म्हणजे नेमकं काय

पेट्रोल उघड्यावर शिळं होतं. त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेल्याला हवा लागून चिकट राळ तयार होते. महिनाभर पडून राहिलेल्या पेट्रोलवर इंजिन कुरकुरत सुरू होतं, तीन-चार महिन्यांनी तेही होत नाही.

आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. २०२३ च्या फेब्रुवारीपासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल टप्प्याटप्प्यानं आलं आणि आज पंपावर सर्रास तेच मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात अर्धी टाकी रिकामी असलेलं मशीन पडवीत उभं असलं की टाकीतल्या दमट हवेतून पाणी पेट्रोलमध्ये मुरत जातं. ते एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, वर पेट्रोल राहतं. कार्बोरेटरमध्ये तर आधी तळातलंच उचललं जातं, म्हणजे इंजिनाला पेट्रोलऐवजी पाणीच मिळतं. शिवाय जुन्या मशीनच्या रबरी नळ्या आणि वॉशर त्यानं फुगतात, कडक होतात. जीएक्स मालिकेच्या जुन्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं आहे. पंपावर दुसरं मिळत नसेल तर आपल्या हातात एवढंच राहतं: लागेल तेवढंच पेट्रोल आणायचं, आणि मशीन उभं करताना थेंबही मागे ठेवायचा नाही.

असं विसरलेलं कार्बोरेटर उघडून पाहिलं की सगळं समजतं. खालची वाटी सोडवली की तळाशी पांढरी भुकटी आणि तपकिरी चिकटा दिसतो, पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी जेटवर हिरवा थर चढलेला असतो. त्या जेटचं भोक टाचणीच्या टोकाएवढं. ते बुजलं की सात एचपीचं मशीन नुसतं लोखंड. साफ करताना तिथे टाचणी किंवा तार मात्र घालू नका, भोक मोठं होतं आणि मशीन पेट्रोल पिऊ लागतं. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा आणि हवा एवढंच वापरा.

उभं करायच्या दिवशी, या क्रमानं

कापूस-सोयाबीनवाल्यांचा वीडर दसऱ्याच्या सुमारास मोकळा होतो, कोकणातल्या आंबा-काजूवाल्यांचा मिरगाच्या तोंडावर. महिन्याभरापेक्षा जास्त उभा राहणार असेल तर पुढचं सगळं करायचं. काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत जाते. त्यामुळे चूल, देवघरातली समई, विडी हे सगळं लांब हवं. ओसरीवर बसून पेट्रोल काढायचं नाही.

१. पाती, शाफ्ट, मडगार्ड धुऊन उन्हात कोरडे करा. काळी माती पात्याच्या बोल्टभोवती ओल धरून ठेवते, ती खरवडून काढा.

२. इंजिन पाच-दहा मिनिटं चालवा. धुताना कुठे पाणी राहिलं असेल तर ते उष्णतेनं उडून जातं आणि ऑइलही कोमट होतं.

३. ऑइल बदला. 'पुढच्या हंगामात बदलू' हा विचार नुकसानीचा आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये जळाल्यावर उरलेली आम्लं असतात आणि ती सहा महिने बेअरिंगवर बसून राहतात.

४. सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्या, अर्धा तास तरी. मग टाकीतलं पेट्रोल नरसाळं लावून डब्यात काढा. ते स्वच्छ आणि ताजं असेल तर गाळून मोटारसायकलमध्ये घाला, संपून जातं. टू-टी मिसळलेलं असेल तर मात्र फोर स्ट्रोक गाडीत घालू नका. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत भरून माळ्यावर ठेवण्याची सवय सोडा. ती बाटली कुणाच्या हाताला लागेल सांगता येत नाही.

५. पेट्रोल कॉकखालची (टाकीतलं पेट्रोल चालू-बंद करणाऱ्या चावीखालची) छोटी वाटी असेल तर काढून गाळ धुवा. मग कार्बोरेटरच्या वाटीचा निचऱ्याचा बोल्ट सैल करून आतलं पेट्रोल निथळू द्या. पुष्कळजण कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतात. काही न करण्यापेक्षा ते चांगलंच, पण तळाशी चमचाभर पेट्रोल तरीही राहतं आणि जेट त्याच चमच्यात बुडालेला असतो. बोल्ट उघडाच. छोट्या टू स्ट्रोकला अशी वाटी नसते. त्याची टाकी रिकामी करून रबरी फुगा दाबून नळी मोकळी करा आणि मग मशीन सुरू करून बंद पडेपर्यंत चालू द्या.

६. प्लग काढा आणि भोकातून ५ ते १० मिली, म्हणजे एक-दोन चहाचे चमचे, स्वच्छ इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये सोडा. भोकावर फडकं धरून दोरी तीन-चारदा हळू ओढा, म्हणजे तेल आत सगळीकडे लागतं. प्लग परत बसवा. मग दोरी सावकाश ओढत जा आणि जिथे जड लागेल तिथे थांबून हळूच सोडा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, दमट हवेला आत वाट राहत नाही. या पायरीला दोन मिनिटं लागतात आणि किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत इंजिन वाचतं ते यामुळेच.

७. फिल्टर साफ करून बसवा. क्लच आणि एक्सलेटरच्या वायरींच्या तोंडात तेलाचे थेंब सोडा, लिव्हर मोकळं ठेवा. पात्यांना स्वच्छ तेलाचा पातळ हात फिरवा. जळकं ऑइल इथे नको, ते पुढच्या हंगामात थेट मातीत जातं.

कुठे आणि कसा ठेवायचा

गोठ्यात ठेवू नका. शेणमुताच्या वाफेतला अमोनिया पितळ आणि तांब्याला खातो. खतांच्या पोत्यांजवळही नको. युरिया आणि पोटॅश ओल धरतात आणि आजूबाजूच्या लोखंडाला गंज चढवतात. कोरडी, वारा खेळता, थोडी उंच जागा बघा. खाली फळ्या किंवा विटा घाला. टायर असतील तर हवा भरून ठेवा, लोखंडी चाकं असतील तर ती जमिनीला टेकू देऊ नका. मशीन समतल उभं राहायला हवं.

झाकायला जुनी सुती चादर घ्या. ताडपत्री मशीनला घट्ट गुंडाळली की आत घाम धरतो. चादरीवर ताडपत्री टाकायचीच असेल तर खालून मोकळी ठेवा.

उंदीर वायर कुरतडतात आणि फिल्टरच्या डब्यात घर करतात. कुंभारीण माशी सायलेन्सरच्या तोंडात मातीचं घरटं बांधून बसते. सायलेन्सर आणि हवेची तोंडं कापडाच्या बोळ्यानं बंद करा आणि प्रत्येक बोळ्याची लाल चिंधी बाहेर लोंबती ठेवा, म्हणजे सुरू करताना विसरणार नाही. जवळ डांबरगोळ्या ठेवा, पण लहान मुलांच्या हाताला लागतील अशा नकोत.

बिल, वॉरंटी कार्ड, इंजिन नंबर आणि ती टाक्यांच्या रेघांची वही एका पिशवीत घालून घरात ठेवा. सुटे भाग घेताना इंजिन नंबर सांगितला की दुकानदार चुकीचा जेट किंवा सील देत नाही.

पुन्हा सुरू करताना

काम निघायच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी बाहेर काढा. बोळे काढा, ऑइलची पातळी बघा. कितीतरी इंजिनांना ऑइल कमी असलं तर ठिणगी बंद करणारी सोय असते आणि लोक उगाच कार्बोरेटर उघडून बसतात. प्लग काढून भोकावर फडकं धरा, दोरी दोन-तीनदा ओढून सिलिंडरमधलं साचलेलं तेल बाहेर उडवा, प्लग पुसून बसवा. पंपावरून त्याच दिवशी आणलेलं पेट्रोल एखादा लिटर भरा. कॉक उघडून मिनिटभर थांबा, वाटी भरू द्या. चोक लावा आणि ओढा. सुरुवातीला पांढरा-निळसर धूर निघेल, तो आत सोडलेल्या तेलाचा असतो आणि थोड्या वेळात थांबतो.

सुरू झालं नाही तर पंधरा-वीसदा दोरी ओढत बसू नका. प्लग काढून त्याचं टोक बघा. कोरडं असेल तर पेट्रोल पोचत नाही: कॉक, टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक आणि जेट तपासा. ओलं असेल तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही, किंवा चोकमुळे जास्त गेलंय. प्लग वाळवा, चोक सोडा, एक्सलेटर उघडं ठेवून पुन्हा ओढा. तरीही नाही झालं तर नवा प्लग लावून बघा. एवढं करून मेकॅनिकला फोन केलात तर काय काय पाहिलं ते त्याला सांगता येतं, आणि तो येताना योग्य तो भाग घेऊनच येतो.